बेंझीन उतरतं आणि पुन्हा चढतं: पेट्रोल पंपाखालच्या भूजलाचा आकडा का उसळतो

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. पेट्रोल पंपाच्या आवारातली जमिनीखालची टाकी गळत होती. टाकी काढली, वास येणारी माती उचलली, जमिनीतली वाफ खेचणारी आणि पाण्यात हवा सोडणारी यंत्रणा बसवली. दर तीन महिन्यांनी निरीक्षण विहिरींचे (म्हणजे भूजल तपासायला जमिनीत उतरवलेल्या जाळीदार पाइपांचे) नमुने प्रयोगशाळेत जात राहिले. एका विहिरीतलं बेंझीन, म्हणजे पेट्रोलमधलं घातक रसायन, चार हजारांवरून सहाशेवर आलं, मग चाळीसवर, आणि एका अहवालात ‘आढळले नाही’ असं छापून आलं. यंत्रणा बंद झाली. दोन फेऱ्या शांततेत गेल्या आणि तिसऱ्या फेरीत तीच विहीर बाराशे दाखवायला लागली. (बेंझीनचे इथले आकडे मायक्रोग्रॅम प्रति लिटर. अंदाज यावा म्हणून सांगतो: पिण्याच्या पाण्यात बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा 10 आहे, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची मर्यादा 5.)

मग ब्लोअर, म्हणजे यंत्रणेचा हवा खेचणारा पंखा, पुन्हा सुरू होतो. आकडा पुन्हा उतरतो, यंत्रणा पुन्हा बंद होते, आकडा पुन्हा चढतो. तीन-चार वर्षं हा खेळ चाललेल्या जागा मी पाहिल्या आहेत. प्रत्येक वेळी खर्च वाढतो आणि जमिनीत नेमकं काय चाललंय हे कुणालाच कळलेलं नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आकडा उसळला की ब्लोअरच्या बटणाकडे जाऊ नका, त्या दिवशीची पाणीपातळी बघा. प्रयोगशाळेचा आकडा जमिनीचा नसतो. तो त्या दिवशी, त्या खोलीवरून, त्या पद्धतीने काढलेल्या एका बाटलीभर पाण्याचा असतो. बाटलीपासून जमिनीपर्यंत पोचायला मधे बरीच दारं आहेत, ती एकेक करून उघडावी लागतात.

आधी ताजी गळती नाही ना, ते बघा

हे पहिल्यांदा, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. जागेवर अजून इंधन विकलं जात असेल तर टाकीतला साठा आणि विक्री यांचा ताळमेळ, पाइपलाइनची दाबचाचणी आणि नोझलखालच्या चेंबरची तपासणी त्याच आठवड्यात मागवा. तळघरात, गटारात किंवा केबलच्या चेंबरमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर नमुने बाजूला ठेवा. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड टक्क्याच्या आसपास गेली की ठिणगी पुरते. तिथे अग्निशमन दलाला बोलवायचं असतं, प्रयोगशाळेला नाही.

वास वगैरे काही नसेल तर अहवालातले बाकीचे आकडे वाचा. लोक बेंझीनच्या ओळीवर बोट ठेवतात आणि पान उलटतात. खाली टोल्युइन, इथिलबेंझीन आणि झायलीन असतात, आणि यातलं टोल्युइन हा माझा खबऱ्या आहे. बेंझीन आणि टोल्युइन पाण्यात जास्त विरघळतात, म्हणून जुन्या पेट्रोलमधून ते आधी धुऊन जातात आणि मागे इथिलबेंझीन-झायलीन उरतात. शिवाय ऑक्सिजन संपलेल्या पाण्यातही जिवाणू टोल्युइन बऱ्यापैकी खातात, बेंझीनला मात्र तिथे लवकर तोंड लावत नाहीत. म्हणून पहिल्या दोघांची बेरीज भागिले दुसऱ्या दोघांची बेरीज, एवढा साधा भागाकार प्रत्येक फेरीचा करून ठेवा. जुन्या डागात, म्हणजे पेट्रोल पसरलेल्या भूजलात, हा भागाकार हळूहळू उतरत जातो. बेंझीन उसळलं पण भागाकार जागेवर राहिला, तर वर आलं आहे ते जुनंच पेट्रोल. भागाकार एकदम वर गेला आणि टोल्युइनने उडी मारली, तर ताज्या गळतीचा संशय घ्या. इथेनॉल मिसळलेलं इंधन विकलं जात असेल तर इथेनॉलचीही तपासणी सांगा. जिवाणू ते फार चटकन संपवतात, त्यामुळे पाण्यात ते सापडलं तर इंधन नुकतंच आलंय असं समजायला हरकत नाही. एक धोका मात्र आहे. इथेनॉल खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन आधी संपवतात आणि बेंझीन उपाशी जिवाणूंच्या हातून सुटून पुढे सरकतं. त्यामुळे खालच्या अंगाची (भूजल वाहत जातं त्या बाजूची), कित्येक महिने स्वच्छ असलेली विहीर अचानक बोलू लागते.

विहिरीचं झाकण

आता हसू नका. मी एका जागेवर तीन फेऱ्या डोकं फोडलं होतं. पाऊस झाला की एकच विहीर पाच-सातशेवर जायची आणि कोरड्या दिवसांत शांत व्हायची. पाणीपातळीशी जोड बसत नव्हती, कारण शेजारच्या दोन विहिरींची पातळी तेवढीच हलत होती आणि त्या स्वच्छ होत्या.

चौथ्या फेरीला पाऊस उघडल्यावर लगेच गेलो. विहीर नोझलपासून चार पावलांवर, गाड्या उभ्या राहतात तिथेच, जमिनीच्या पातळीत बसवलेली. लोखंडी झाकणाचे दोन बोल्ट सोडवले. आतल्या पेटीत पाणी काठोकाठ, वर इंद्रधनुषी तवंग. रबरी बूच त्या पाण्याखाली बुडालेलं. माझ्या सोबतच्या मुलाने सवयीने हात घातला आणि बूच सैल केलं. ‘गळळळ’ असा आवाज आला आणि पेटीतलं सगळं पाणी, तवंगासकट, आमच्या डोळ्यांदेखत विहिरीत उतरलं. तीन फेऱ्या आम्ही फरशीवर सांडलेलं पेट्रोल मोजत होतो, आणि विहिरीत ते आम्हीच ओतत होतो.

उपाय अगदी बाळबोध आहे. झाकण उघडल्यावर बुचाला हात लावायच्या आधी पेटी मगाने आणि स्पंजाने कोरडी करा. झाकणाखालची रबरी वायसर चपटी झाली असेल तर बदला. बुचाचं रबर कडक पडलं असेल तर तेही बदला, ते फुगून नळीला धरतच नाही. पेटीभोवतीचं काँक्रीट बोटभर उंच करून बाहेरच्या बाजूला उतार दिला तर पाणी साचतच नाही. त्यानंतर विहीर नीट उपसा, दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि पुन्हा नमुना घ्या. मधल्या तीन आकड्यांवर आलेखात फुली मारा आणि कारण लिहा. खोडू मात्र नका, पुढचा माणूस शोधत बसतो.

गेलाच आहात तर विहिरीची एकूण खोलीही मोजा. बांधतानाच्या नोंदीत 9 मीटर असेल आणि टेप 7.6 वर मऊ जागी टेकत असेल, तर खाली जवळपास दीड मीटर गाळ आहे आणि जाळीदार पाइपचा तेवढा भाग मेलेला आहे.

पाणीपातळी: इथे वेळ घालवा

पेट्रोल पाण्याहून हलकं, घनता 0.75 च्या आसपास. गळतीनंतर ते झिरपत पाण्याच्या पातळीपर्यंत जातं आणि तिथे पसरतं. पण पातळी एका जागी राहत नाही. ती खाली गेली की पेट्रोल तिच्यामागून खाली जातं, वर आली की काही वर येतं आणि काही मातीच्या कणांमधे थेंबाथेंबाने अडकून पाण्याखालीच राहतं. असं दोन-चार वर्षं झालं की पातळीच्या वरखाली होण्याइतका जाड एक माखलेला पट्टा तयार होतो. भिंतीला तेलकट हात वरखाली पुसल्यासारखा. उसळीचं मूळ बहुधा या पट्ट्यात असतं.

हे उदाहरण बघा. समजा गळती झाली त्या काळात पाणी जमिनीखाली 7 मीटरवर होतं. पुढे ते वर आलं आणि यंत्रणा बसवताना 4.5 वर होतं. वाफ खेचणारी यंत्रणा फक्त पाण्याच्या वरची कोरडी माती साफ करते. म्हणजे 4.5 च्या वरचं सगळं साफ झालं, 5 ते 7 मधलं अडकलेलं पेट्रोल पाण्याखाली सुखरूप राहिलं. अहवाल छान दिसत होते, कारण विहिरीत वरच्या स्वच्छ थराचं पाणी भरपूर येत होतं. मग दोन वर्षं पाऊस कमी झाला, पाणी 6.5 वर गेलं. आता विहिरीत येणारं सगळं पाणी माखलेल्या पट्ट्यातून येतंय. आकडा चढणारच. यात यंत्रणा बिघडलेली नाही आणि नवीन गळतीही नाही. उलट ही संधी आहे: पट्टा उघडा पडलाय, वाफ खेचायची तर आता खेचा.

याच्या उलटही घडतं. पाणी खोल असताना सफाई झाली, वरच्या कोरड्या मातीत थोडं पेट्रोल उरलं, आणि पाणी वर चढल्यावर ते भिजलं नि विरघळायला लागलं. म्हणून ‘पाणी चढलं की आकडा चढतो’ किंवा ‘उतरलं की चढतो’ असा एक नियम शोधू नका. प्रत्येक विहिरीचा स्वभाव वेगळा. एकाच कागदावर खाली बेंझीन, वर पाणीपातळी असे दोन आलेख काढा, तारखा एकाखाली एक येऊ द्या. शक्यतो बांधकामाच्या नोंदीतून जाळीदार पाइप कुठून कुठपर्यंत आहे त्या दोन आडव्या रेघाही ओढा. बरंच काही त्या कागदावर आपोआप दिसतं.

त्या दोन रेघा का, तर जाळी बुडालेली विहीर खोटं बोलते. पाणी जाळीच्या वरच्या टोकापेक्षा वर असेल तर वर तरंगणाऱ्या पेट्रोलला विहिरीत शिरायला वाटच नाही. आतून तुम्हाला तवंगही दिसणार नाही. पातळी जाळीच्या वरच्या टोकाखाली उतरली की एका रात्रीत विहिरीत दहा सेंटिमीटर पेट्रोल येऊन बसतं आणि सगळीकडे फोनाफोनी सुरू होते. ते तिथेच होतं, त्याला फक्त दार उघडं मिळालं. आणखी एक गंमत: विहिरीतल्या थराची जाडी म्हणजे जमिनीतली जाडी नव्हे. विहिरीत ती बहुतेकदा जास्त दिसते, आणि पाणी उतरलं की आणखी वाढते. जाडी वाढली म्हणून पेट्रोल वाढलं, असा निष्कर्ष काढलेले अहवाल मी वाचले आहेत.

विहिरीत तरंगता थर असेल तर पाणीपातळी तशीच नोंदवू नका. पेट्रोलच्या वजनाने पाणी खाली दाबलं गेलेलं असतं. थराची जाडी गुणिले घनता, एवढं पाण्याच्या उंचीत मिळवायचं. थर 0.30 मीटर आणि घनता 0.74 असेल तर 0.22 मीटर मिळवा. हे विसरलात तर पाणीपातळीच्या नकाशावर बरोबर गळतीच्या जागीच एक खोटा खड्डा तयार होतो, आणि पाणी चहूबाजूंनी तिकडे वाहतंय असं दिसतं. मग खालच्या अंगाची विहीर कुठली, हेच चुकतं.

पातळी घ्यायची रीतही सांगतो. सगळ्या विहिरींची बुचं आधी काढून ठेवा. कोंडलेली हवा ‘फुस्स’ करून बाहेर पडते, त्यानंतर पाण्याला सावरायला थोडा वेळ लागतो. मग एकाच दिवसात, एकापाठोपाठ सगळ्या मोजा. केसिंगच्या, म्हणजे विहिरीच्या पाइपच्या, काठावर खूण केलेल्या जागेवरूनच मोजा. खूण नसेल तर आजच करा, कारण कापलेल्या पाइपचा काठ तिरका असतो.

नमुना घेताना काय बिघडतं

पद्धत मधेच बदलली असेल तर आधी आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करू नका. आलेखावर उभी रेघ ओढा. बेलर म्हणजे दोरीला बांधलेली नळी, विहिरीत आपटते, गाळ ढवळते, हवा मिसळते. कधी गाळाला चिकटलेलं इंधन उचलून आकडा वाढवते, तर कधी वाफ उडवून कमी करते. संथ पंपाची पद्धत जास्त विश्वासाची: मिनिटाला 100 ते 500 मिलिलिटर, पाणीपातळी दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ द्यायची नाही, आणि दर तीन ते पाच मिनिटांनी मीटर वाचायचा. सामू (pH) 0.1 च्या आत, विद्युतवाहकता तीन टक्क्यांच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन दहा टक्क्यांच्या आत अशा लागोपाठ तीन नोंदी मिळाल्या की बाटली भरायची. एका जागी बेलर सोडून संथ पंप आणला आणि पहिल्याच फेरीत आकडे घसरले. ठेकेदाराच्या अहवालात ते ‘उपचाराचं यश’ म्हणून आलं. पुढच्या वर्षी पंपाचं तोंड कुणीतरी मीटरभर खाली सोडलं आणि यश परत गेलं. पंपाचं तोंड कितीवर होतं हे प्रत्येक फेरीच्या नोंदीत लिहा, आणि तेच ठेवा.

बाटल्यांबद्दल. चाळीस मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या, आत आम्लाचे थेंब, झाकण लावून उलटी करून टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर ती बाटली टाकून दुसरी भरायची, वरून थेंब घालून दुरुस्ती करायची नाही. काही विहिरींत मात्र कितीही नीट भरा, मिनिटाभरात बारीक बुडबुडे येतातच. तिथे तुमचा हात चुकत नसतो. पाण्यात चुना जास्त असतो, आम्ल पडलं की तो फसफसतो आणि त्या वायूबरोबर बेंझीनही निसटतं. अशा विहिरीसाठी आम्ल नसलेल्या बाटल्या मागवा आणि प्रयोगशाळेला तसं कळवा. आम्लाच्या नमुन्याला तपासणीसाठी चौदा दिवस मिळतात, बिनआम्लाच्या नमुन्याला सातच. दोन्ही बर्फात.

स्वच्छ विहिरीकडून घाण विहिरीकडे जा, उलटं कधीच नाही. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. त्यात पेट्रोल भरलेल्या हातमोज्यांनी बाटलीला शिवू नका. लेबलावर वासाच्या जाड मार्करने लिहू नका, काही मार्करच्या शाईत टोल्युइन किंवा झायलीन असतं. आणि प्रवासाला सोबत गेलेली, नुसत्या शुद्ध पाण्याची कोरी बाटली खरंच तपासून घ्या. तिच्यात काही सापडलं तर बाकीच्यांवर काय बोलायचं?

प्रयोगशाळेच्या कागदावर एकच गोष्ट नजरेखालून घाला, पण ती जपून. ‘आढळले नाही’ याच्या शेजारी कितीच्या खाली ते लिहिलेलं असतं. झायलीन किंवा डिझेल खूप असेल तर नमुना पन्नास पट पातळ करून तपासतात, आणि मग नेहमी एक असणारी मर्यादा पन्नास होते. म्हणजे ‘50 च्या खाली आढळले नाही’. त्यात 49 बसू शकतं. पुढच्या फेरीत पातळ न करता तपासलं आणि 38 आलं, की लोक म्हणतात उसळी. कसली उसळी, आधीही तेवढंच असेल.

जोड नमुनाही तपासा. एकाच विहिरीच्या दोन बाटल्यांत 480 आणि 620 आले तर फरक 140, सरासरी 550, म्हणजे पंचवीस टक्के. एवढा फरक नुसत्या हाताळणीत पडू शकतो. तेव्हा मागच्या फेरीत 500 आणि या फेरीत 600 याला वाढ म्हणायची घाई नको.

चालू यंत्रणेतला आकडा

पाण्यात हवा सोडली जात असताना जवळची निरीक्षण विहीर स्वतःच हवेची वाट बनते. कान लावला तर आत बुडबुड ऐकू येते. त्या विहिरीतलं पाणी आतल्या आत धुतलं जातं, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला सात-आठ मिलिग्रॅम दाखवतो, बेंझीन नावाला उरतं. एक मीटर पलीकडच्या मातीत काय आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. पाणी उपसणाऱ्या यंत्रणेतही तसंच: उपशामुळे कडेचं स्वच्छ पाणी आत ओढलं जातं आणि आकडा पातळ होतो. म्हणून चालू यंत्रणेतलं ‘आढळले नाही’ मी सफाईचा पुरावा धरत नाही. यंत्रणा बंद करा, काही आठवडे थांबा, पाणीपातळी आणि ऑक्सिजन आपापल्या जागी परतले की मग नमुना घ्या.

ऑक्सिजनचा मीटर इथे आणखी एक गोष्ट पकडून देतो. एक मिलिग्रॅम बेंझीन संपवायला जिवाणूंना सुमारे तीन मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. लिटरभर पाण्यात मुळात मावतो आठ-दहा. त्यामुळे डागाच्या मध्यभागी ऑक्सिजन शून्याजवळच असायला हवा. पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतोय आणि मीटर साडेचार दाखवतोय, असं होतं तेव्हा मीटरवर नाही, वासावर विश्वास ठेवा. नळीच्या जोडातून हवा आत येत असते किंवा मीटरच्या कपात बुडबुडा अडकलेला असतो. तसं पाहिलं तर तो वास वाईट नाही. जिवाणू ऑक्सिजन आणि नायट्रेट संपवून सल्फेटवर आले आहेत, काम चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

खरी उसळी

झाकण, पातळी, नमुना, प्रयोगशाळा, यंत्रणा हे सगळं तपासलं आणि आकडा तरीही खरा निघाला, तर त्याचा आकार बघा. पातळीबरोबर एकदम उडी मारून खाली येत असेल तर माखलेला पट्टा. यंत्रणा बंद झाल्यापासून पातळी कशीही असो, महिनोन्‌महिने हळूहळू चढत जाऊन एका उंचीवर सपाट होत असेल, तर चिकणमाती. वर्षानुवर्षं वाळूच्या थरात वाहणारं पेट्रोलयुक्त पाणी शेजारच्या चिकणमातीत मुरलेलं असतं. वाळू धुऊन निघाली की चिकणमाती ते थेंबाथेंबाने परत करते. त्या थरात हवा शिरत नाही, त्यामुळे ब्लोअर दिवसरात्र चालवलात तरी वीजच जळते. अशा जागी यंत्रणा अधूनमधून चालवणं परवडतं: काही आठवडे बंद, वाळूत पुरेसं साचलं की काही दिवस चालू. थर उथळ असेल तर तो खोदून काढणं अनेकदा स्वस्त पडतं. आणि डाग पसरत नसेल, आसपास कुणी ते पाणी पीत नसेल, तर जिवाणूंवर सोपवून नुसतं निरीक्षण करणं हाही उपायच आहे.

आकड्याचा आकार पाहताना त्याची पट्टीही पाहा. शुद्ध बेंझीन पाण्यात लिटरला सुमारे 1,780 मिलिग्रॅम विरघळतं. पेट्रोलमध्ये ते एक टक्का असेल तर पाण्यात जास्तीत जास्त त्याचा शंभरावा भाग, म्हणजे अठरा मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं. आपल्या एककात 18,000. तुमच्या विहिरीत आठ-दहा हजार येत असतील तर विहिरीत थर दिसो न दिसो, पेट्रोल जवळपासच सुटं पडलंय. त्या जागी विरघळलेल्या पाण्यावर उपचार करत बसणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. आणि आकडा पट्टीच्याही वर गेला, तर बाटलीत पेट्रोलचा थेंबच आलाय.

यंत्रणा बंद केल्यावर किती थांबायचं, हे वारंवार विचारलं जातं. चार तिमाह्या हा कमीत कमी हिशोब, पण त्यात पाणी सर्वात वर आणि सर्वात खाली असतानाचे नमुने आले पाहिजेत. पाणी दोन वर्षं एकाच उंचीवर असेल तर आठ फेऱ्याही पुरेशा नाहीत. कल दाखवायला संख्याशास्त्रातली मान-केंडॉलची चाचणी चांगली, पण चार आकड्यांवर ती ‘उतरता कल’ तेव्हाच म्हणते जेव्हा चारही सलग उतरते असतात. एक जरी इकडेतिकडे झाला तर ती गप्प बसते. आणि तिला पाणीपातळी कळत नाही. उन्हाळ्याचा आकडा उन्हाळ्याशीच ताडून बघा.

जुन्या टाकीचा खड्डा

एक कारण मी शेवटी ठेवलंय, कारण ते मला स्वतःलाही उशिरा सुचलं. टाकी काढल्यावर खड्डा भरतात तो बाहेरून आणलेल्या खडीने किंवा वाळूने. आजूबाजूची माती चिकट असेल तर जमिनीत एक भलं मोठं बादलीसारखं भांडं तयार होतं. पाऊस पडला की फरशीच्या सांध्यांतून त्यात पाणी उतरतं, भांडं भरतं, खडीला चिकटलेलं जुनं पेट्रोल त्यात विरघळतं, आणि एका दिवशी ते काठावरून किंवा जुन्या पाइपलाइनच्या चरातून बाहेर सांडतं. खालच्या अंगाच्या विहिरीत पावसानंतर काही आठवड्यांनी एक उसळी येते आणि ओसरते. पाणीपातळीच्या आलेखावर तिचं कारण दिसत नाही, कारण या भांड्यातलं पाणी भूजलाच्या वर, वेगळंच साचलेलं असतं.

ज्या जागेवर हे सुचलं तिथे निरीक्षण विहिरी नऊ होत्या आणि खड्ड्यात एकही नव्हती. ‘तिथली माती तर काढली ना,’ असं सगळेच म्हणत होते, मीही म्हणत होतो. शेवटी खडीत तीन मीटरचा एक जाळीदार पाइप उतरवला. भूजल पाच मीटरच्या खाली होतं, आणि या पाइपात पाणी लागलं सव्वा मीटरवर. पेट्रोल आणि पाणी वेगळं ओळखणारा प्रोब खाली सोडला तर आधी पेट्रोलचा सलग सूर वाजला, दोन बोटं अंतर गेल्यावर पाण्याची टिकटिक. दुसऱ्या दिवशी टँकर मागवून खड्डा उपसायला घेतला, आणि फरशीचे सांधे भरायला गवंडी बोलावला.